कूर्चेची दुरुस्ती आणि जनुकांचा बाजार

शरीराची जखम काळ भरून काढतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कातडी फाटली तर जुळते, हाड मोडले तर सांधते, यकृताचा तुकडा कापून काढला तरी उरलेले यकृत वाढून ती उणीव भरून काढते. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत त्यांत सांध्यातील हाडांच्या टोकांवर असणाऱ्या कूर्चेचा क्रमांक बराच वरचा लागतो. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1743 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा येत नाही, असा निर्वाळा दिला होता. त्याला पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी हा निर्वाळा पुरता खोटा ठरवणे वैद्यकाला साधलेले नाही. आता जनुकांतरणाच्या साह्याने ते साधेल, अशी आशा प्रयोगशाळांतून व्यक्त होत आहे; आणि प्रयोगशाळेच्या पाठोपाठ भांडवलबाजारही तिकडे वळला आहे. या आशेत शास्त्राचा भाग किती आणि विक्रीचा भाग किती, हे वेळीच तपासून पाहणे भारतासारख्या देशाला अगत्याचे आहे. गुडघे झिजलेल्यांची संख्या येथे मोठी आहे आणि त्यांच्या गाठीचा पैसा थोडा आहे.

कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचा पांढुरका, गुळगुळीत, अवघा दोन-चार मिलिमीटर जाडीचा थर. बोलीभाषेत लोक तिला गुडघ्याची गादी म्हणतात आणि ती झिजली की 'वंगण संपले' असे म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या हे वर्णन फारसे चुकीचे नाही. या थरात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. पेशी आहेत, पण अगदी विरळ. त्या स्वतःच विणलेल्या तंतुमय, पाणीदार जाळ्यात अडकून पडलेल्या असतात. चालताना सांध्यावर दाब पडतो व सुटतो, आणि स्पंजात पाणी यावे-जावे त्याप्रमाणे सांध्यातील द्रव आत-बाहेर होऊन त्यांचे पोषण होते. रक्तच नसल्यामुळे इतर जखमांवर धावून येणाऱ्या पेशी येथपर्यंत पोहोचत नाहीत. मज्जातंतू नसल्यामुळे झीज सुरू झाल्याची वर्दीही रुग्णाला मिळत नाही. वेदना सुरू होते तेव्हा बहुधा हाड, अस्तर आणि भोवतालचे स्नायू या साऱ्यांनाच त्या झिजेची झळ लागलेली असते. खालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडून रक्त वर आणण्याची शस्त्रक्रिया आहे. पण त्यातून जे तयार होते ते मूळच्या कूर्चेपेक्षा हलक्या प्रतीचे ठिगळ असते आणि ते फार काळ टिकत नाही.

या कोंडीतून पहिली नवी वाट स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे निघाली. तेथील शल्यचिकित्सकांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून थोड्या कूर्चापेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्या वाढवल्या आणि खड्डा पडलेल्या जागी पुन्हा बसवल्या. 23 रुग्णांवरील या उपचाराचा वृत्तान्त 1994 साली प्रसिद्ध झाला आणि 1997 साली अमेरिकेत अशा पेशींच्या विक्रीस परवानगी मिळाली. भारतातही 2017 पासून या प्रकारच्या उपचारास औषध नियंत्रकांची मान्यता आहे. तथापि हा उपाय खेळताना वा अपघातात गुडघ्याला इजा झालेल्या तरुणाचा आहे. उतारवयात सगळा सांधाच घासला गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय तो महागही पडतो. युरोपात 2009 साली मान्यता मिळालेले अशाच स्वरूपाचे एक उत्पादन 2016 साली बाजारातून मागे घेण्यात आले, ते रुग्णांना अपाय झाला म्हणून नव्हे, तर विक्रीचा हिशेब जुळेना म्हणून. वैद्यकाच्या इतिहासात अशा मरणाची नोंद सहसा होत नाही. अर्थशास्त्राच्या इतिहासात ती व्हावयास हवी.

जनुकांतरणाची कल्पना याच्या पुढची आहे. सांध्यातील दाह शमवणारी वा कूर्चा वाढवणारी प्रथिने आज माहीत आहेत. ती सुईने सांध्यात सोडली तर फार वेळ तेथे राहत नाहीत, रक्तात मिसळून वाहून जातात. तयार माल रोज बाहेरून गाडीने आणण्याऐवजी गावातच गिरणी उभारावी, तसा हा विचार आहे. प्रथिन बनवण्याची आज्ञा ज्यात लिहिलेली असते ते जनुकच सांध्यातील पेशींमध्ये नेऊन सोडावयाचे. मग त्या पेशी ते प्रथिन जागच्या जागी, दीर्घकाळ बनवत राहतील. जनुक नेण्याचे काम निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडे सोपवले जाते.

माणसाच्या सांध्यात असे जनुक प्रथम सोडले गेले ते 1996 साली, अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात, ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पॉल रॉबिन्स यांच्या पुढाकाराने. रुग्ण होत्या आमवाताने हातांची बोटे वाकलेल्या नऊ स्त्रिया. त्यांच्या बोटांचे सांधे शस्त्रक्रियेने काढून तेथे कृत्रिम सांधे बसवावयाचे आधीच ठरले होते. त्या शस्त्रक्रियेपूर्वी आठवडाभर जनुक घातलेल्या पेशी सांध्यात सोडण्यात आल्या आणि सांधे काढल्यावर त्यांची तपासणी झाली. जनुक पोहोचले होते आणि कामही करत होते. या प्रयोगातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे: जो सांधा जाणारच होता, त्यावरच धोका पत्करण्यात आला. पुढच्या काळात सर्वांनीच इतका संयम पाळला असे म्हणता येत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण जाहिरातीत तो हटकून पुसला जातो. सांध्यात जनुक सोडण्याचे दोन वेगळे हेतू असू शकतात. एक, दाह थांबवून होणारी झीज रोखणे. दुसरा, गेलेली कूर्चा नव्याने उभी करणे. पहिल्या वाटेवर प्रगती बरी आहे. कोलोरॅडोमध्ये घोड्यांच्या सांध्यांवर झालेल्या प्रयोगांचे उत्साहजनक निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. (शर्यतीच्या घोड्याचा गुडघा हा श्रीमंतांच्या दृष्टीने मोलाचा असतो, हेही या संशोधनाला पैसा मिळण्याचे एक कारण असावे.) इव्हान्स यांनीच पुढे अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अस्थिसंधिवाताच्या नऊ रुग्णांच्या गुडघ्यांत दाहविरोधी प्रथिनाचे जनुक सोडले. उपचार सुरक्षित दिसतो आणि प्रथिन दीर्घकाळ तयार होत राहते, असे त्याचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. 1996 साली नऊ आणि 2025 साली नऊ. मध्ये जवळपास तीस वर्षे गेली. शास्त्राची खरी गती ही आहे.

दुसरी वाट अधिक बिकट आहे. जर्मनीतील होम्बुर्ग येथे माग्दालेना नव्हे तर मागाली कुकियारिनी आणि हेनिंग माद्री यांच्या प्रयोगशाळेत सशांच्या कूर्चेतील खड्ड्यांमध्ये वाढीस चालना देणारी जनुके सोडून दुरुस्ती सुधारते असे दाखवण्यात आले आहे. परंतु सशाचा कोवळा सांधा आणि साठ वर्षे ओझे वाहिलेला माणसाचा गुडघा यांत फार अंतर आहे. वाढीस चालना देणारे प्रथिन कूर्चेपुरतेच आपले काम आटोपते घेईल, याचीही शाश्वती नाही. अशाच एका प्रथिनाचे जनुक प्राण्यांच्या सांध्यात सोडले असता अस्तर जाड व राठ झाल्याचे आणि हाडाला नको तेथे कंगोरे फुटल्याचे दिसून आले आहे. कितीही प्रामाणिक शास्त्रज्ञ असला तरी आज त्याला, झिजलेल्या गुडघ्यात जनुकांतरणाने मूळच्यासारखी कूर्चा उगवते, असे म्हणता येणार नाही.

सांध्याच्या विकाराने माणूस सहसा मरत नाही. या साध्या वस्तुस्थितीवर या प्रश्नाचा सगळा नैतिक आणि आर्थिक हिशेब अवलंबून आहे. रक्ताच्या कर्करोगाने गाठलेल्या रुग्णापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो, म्हणून मोठा धोका आणि मोठी किंमत या दोन्हींचे समर्थन होऊ शकते. गुडघ्याच्या रुग्णाला व्यायाम आहे, वजन कमी करणे आहे, वेदनाशामके आहेत आणि शेवटी कृत्रिम सांधा आहे. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे 82 टक्के रोपणे 25 वर्षे टिकतात. नव्या उपचाराला ज्याच्याशी सामना द्यावयाचा आहे तो प्रतिस्पर्धी असा तगडा आहे. खरी गरज आहे ती चाळिशी-पन्नाशीतील माणसाची. त्याच्या सांध्याची झीज सुरू झाली आहे, पण धातूचा सांधा बसवणे त्याच्या वयाच्या दृष्टीने लवकर होईल. जनुकांतरणाचे मोल ठरवावयाचे ते या माणसाच्या संदर्भात.

2007 साली अमेरिकेत जे घडले त्याचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. दाहक संधिवातावरील जनुकोपचाराच्या चाचणीत भाग घेतलेली 36 वर्षांची एक स्त्री गुडघ्यात दुसऱ्यांदा सुई टोचल्यानंतर काही आठवड्यांतच दगावली. चौकशीत एका बुरशीचा संसर्ग सर्व शरीरात पसरल्याचे आढळले. प्रतिकारशक्ती मंदावणारी इतर औषधेही ती घेत होती. जनुकोपचार हे मृत्यूचे कारण असण्याचा संभव कमी, असे तज्ज्ञांचे मत पडले आणि त्याच वर्षी चाचणी पुढे चालू ठेवण्यास अनुमती मिळाली. शास्त्र निर्दोष ठरले असे फार तर म्हणता येईल. पण बऱ्यापैकी हिंडतीफिरती असलेली व्यक्ती मुख्यतः सुरक्षितता अजमावण्यासाठी योजलेल्या चाचणीत शिरते, तेव्हा आपल्याला यातून गुण येईल की नाही हे तिला कितपत कळलेले असते, हा प्रश्न त्या निर्णयाने निकालात निघाला नाही.

त्याहून बोधप्रद प्रकरण दक्षिण कोरियाचे आहे. 'इन्व्होसा' या नावाचे, गुडघ्याच्या अस्थिसंधिवातावरील जगातील पहिले पेशीवाहित जनुकौषध म्हणून गाजवले गेलेले उत्पादन तेथे जुलै 2017 मध्ये मान्य झाले. त्यात दोन प्रकारच्या पेशी होत्या. एक, जन्मतः जादा बोट असलेल्या बालकाच्या शस्त्रक्रियेने काढलेल्या बोटातील कूर्चापेशी. दुसऱ्या, वाढकारक प्रथिनाचे जनुक घातलेल्या पेशी. या दुसऱ्याही कूर्चेच्याच, असे परवान्याच्या कागदपत्रांत म्हटले होते. एका सुईची किंमत साठ-सत्तर लाख वॉनच्या घरात, म्हणजे भारतीय चलनात साडेतीन-चार लाख रुपये होती. मार्च 2019 अखेर उघडकीस आले की, या दुसऱ्या पेशी कूर्चेच्या नसून मूत्रपिंडापासून निघालेल्या, प्रयोगशाळांत अनेक वर्षे वाढवल्या जाणाऱ्या एका पेशीवंशाच्या आहेत. आणि त्या आरंभापासूनच तशा होत्या. तोवर सुमारे 3,700 रुग्णांनी हे औषध टोचून घेतले होते. विक्री थांबली, त्याच वर्षी परवाना रद्द झाला, कंपनीच्या समभागांत बचत गुंतवलेले हजारो लोक होरपळले आणि खटले उभे राहिले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणी थांबवली, कागदपत्रे पुन्हा तपासली आणि 2020 साली ती पुढे चालू ठेवण्यास मुभा दिली. चाचण्यांत सुरुवातीपासून त्याच पेशी वापरलेल्या असल्यामुळे सुरक्षिततेची माहितीही त्याच पेशींची होती, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. त्या पेशी वाढू नयेत म्हणून किरणोत्साराने निष्प्रभ केलेल्याही होत्या. उद्योगसमूहाच्या माजी अध्यक्षांना सोलच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये निर्दोष ठरवले. फसवणूक झाली की गफलत, हा वाद कायदेपंडितांनी घालावा. रुग्णाच्या दृष्टीने गंभीर बाब वेगळीच आहे. मान्यता मिळाली त्या वेळी या औषधाने वेदना कमी होते व हालचाल सुधारते एवढेच सिद्ध झाले होते; कूर्चा पुन्हा भरून येते हे सिद्ध झाले नव्हते. तरीही लोकांनी ते घेतले ते मुख्यतः गुडघा 'दुरुस्त' होईल या समजुतीने. पेशी कोणत्या, हे कागदावर चुकले. आणि त्या काय करतील, हे लोकांच्या मनात चुकले. पहिल्या चुकीबद्दल परवाना गेला. दुसऱ्या चुकीची दखल कोणी घेतली नाही.

भारताचा संबंध येथे येतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांच्या या पाहणीत सुमारे 18 टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडे यांच्या तक्रारी आढळल्या. अस्थिसंधिवाताचे प्रमाण 6 टक्क्यांच्या जवळ होते. पिट्सबर्गला पहिले जनुक सोडले गेले त्याच वर्षीची ही पाहणी. उकिडवे बसून खुरपणी करणारी, डोक्यावर पाणी वाहणारी स्त्री गुडघ्याने अधू झाली तर ती मृत्यूच्या आकडेवारीत दिसत नाही; तिचा रोज बुडतो, आणि घरातील एखादी मुलगी शाळा सोडून तिच्या जागी उभी राहते. जगभर 2020 साली अस्थिसंधिवाताचे सुमारे साडेएकोणसाठ कोटी रुग्ण होते, असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या समुदायासाठी, मोजक्या रुग्णांच्या दुर्मिळ आजारांवर बेतलेली जनुकौषधांची किंमतपद्धती चालणार नाही. युरोपात 2012 साली मान्य झालेले पहिले जनुकौषध सुमारे दहा लाख युरो किमतीमुळे गिऱ्हाईक न मिळून पाच वर्षांत गुंडाळावे लागले, हे ध्यानात ठेवावे.

किमतीला आवर घालण्याचा अनुभव या देशाला नाही असे नाही. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातील कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत 1,58,324 रुपये होती, ती कर वगळून 54,720 रुपयांवर आली. मधल्या साखळीत नफा किती मुरत होता हे त्या निमित्ताने जगजाहीर झाले. मात्र कृत्रिम सांधे बनवणारे अनेक आहेत. जनुकौषधाचा उत्पादक बहुधा एकच असतो आणि पेटंट त्याच्या हाती असते. मक्तेदाराला किंमत उतरवण्यास सांगितले तर तो मालच आणत नाही. म्हणून मर्यादा घालण्यापेक्षा उत्पादनाची क्षमता स्वतःकडे असणे अधिक परिणामकारक ठरते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने व टाटा स्मारक केंद्राने मिळून रक्ताच्या कर्करोगावर जनुकबदल केलेल्या पेशींचा उपचार सिद्ध केला. त्यास ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि परदेशातील किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला. ती किंमतही काही लाखांची आहे आणि शेतमजुराच्या आवाक्याबाहेरचीच आहे. पण दिशा कोणती, हे त्यावरून कळते. विषाणूवाहक बनवण्याच्या सार्वजनिक सोयी आज उभारल्या तर दहा वर्षांनी गुडघ्याच्या उपचाराची किंमत येथे ठरेल. नाही उभारल्या तर ती दुसरीकडे ठरेल. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क खासगी कंपनीकडे सोपवताना विक्रीच्या किमतीची अट करारातच घालावयास हवी. पुढे विनवण्या करून काही मिळत नाही.

नियमांची उणीव फारशी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2019 साली जनुकोपचाराविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या नव्या औषधांविषयीच्या नियमांत जनुकौषधांचा समावेश झाला. मानवी चाचण्यांची नोंदणी तर 2009 पासून सक्तीची आहे. पण याच परिषदेने 2017 साली, रक्ताच्या ठराविक विकारांखेरीज मूलपेशींचा वापर मान्य चाचणीबाहेर करू नये, असे बजावले होते. त्यानंतरही 'मूलपेशींनी गुडघा नवा करा' अशा जाहिराती शहरोशहरी झळकतच राहिल्या. मूलपेशींच्या बाबतीत जे झाले ते जनुकांच्या बाबतीत होणार नाही, असे मानण्यास आधार नाही. निदान एवढे तरी बंधन आतापासून घालता येईल: ज्या औषधाने केवळ वेदना कमी होते असे सिद्ध झाले असेल, त्याच्या वेष्टनावर, संमतिपत्रावर आणि जाहिरातीत 'याने कूर्चा भरून येत नाही' हे वाक्य रुग्णाच्या भाषेत छापावे. चाचणी घेतानाही केवळ उपचाराआधीच्या व नंतरच्या वेदनेची तुलना पुरेशी नाही. गुडघ्यात नुसते खारे पाणी टोचले तरी अनेकांना आराम वाटतो, हे वैद्यकात सुपरिचित आहे. तेव्हा तुलना खाऱ्या पाण्याशी आणि नियमित व्यायामाशी झाली पाहिजे. आणि जी चाचणी फसेल तिचेही निष्कर्ष प्रसिद्ध झाले पाहिजेत.

राहिला प्रश्न पुढच्या देखरेखीचा. धातूचा सांधा नको झाला तर काढता येतो. पेशीत शिरलेले जनुक परत मागवता येत नाही. कोरियाच्या शासनाने 'इन्व्होसा' टोचून घेतलेल्या सर्व रुग्णांवर 15 वर्षे लक्ष ठेवण्याचा आदेश दिला; म्हणजे शेवटच्या रुग्णाची तपासणी 2034 पर्यंत चालावयाची. बीडहून दर हंगामात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणाऱ्या एखाद्या बाईने उद्या अशी सुई घेतली, तर तिला पंधराव्या वर्षी कोण आणि कोणत्या पत्त्यावर शोधणार? अशी नोंदवही जिल्हा रुग्णालयांमार्फत चालवावी लागेल. तिचा पंधरा वर्षांचा खर्च परवाना देतानाच उत्पादकाकडून अनामत म्हणून घ्यावा लागेल. कंपनी बुडाली वा विकली गेली तरी तो पैसा शासनाच्या खात्यात राहील, अशी तरतूद हवी. 2019 च्या नियमांत चाचणीतील अपायाबद्दल भरपाईची व्यवस्था आहे. परवाना मिळाल्यानंतर, पैसे मोजून सुई टोचून घेणाऱ्या रुग्णासाठी अशी अनामत त्या नियमांत जोडणे हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे काम आहे, आणि पहिला अर्ज येण्यापूर्वी ते उरकता येण्यासारखे आहे.